गावाची गोष्ट गावानेच सांगावी

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या लहान गावांवर लिहिलेली विनोदी कादंबरी हा तिथल्या प्रकाशन व्यवसायातला भरवशाचा माल आहे. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, नॉर्थ कॅरोलायना. कोर्टाच्या इमारतीभोवतीचा चौक, चर्चमधलं सामुदायिक जेवण, एखादा विक्षिप्त काका आणि मयताच्या घरी उकरून काढलेलं जुनं भांडण, एवढ्या सामग्रीवर ढिगाने पुस्तकं निघाली. त्यातली बरीचशी वाचून विसरण्याजोगी आहेत, पण काही पन्नास-पाऊणशे वर्षांनंतरही ताजी वाटतात. हा फरक लेखकाच्या विनोदबुद्धीचा आहे असं सहसा मानलं जातं. मला तो निवेदकाच्या जागेचा वाटतो. गोष्ट सांगण्याचा हक्क लेखकाने गावातल्या माणसाच्या हाती दिला, तिथे हा विनोद मोठा झाला. लेखक शिकलेल्या पाहुण्यासारखा बाजूला उभा राहिला, तिथे विनोदाची टवाळी झाली.

या परंपरेची सुरुवात अशा पाहुण्यापासूनच होते. ऑगस्टस बाल्डविन लाँगस्ट्रीट हा जॉर्जियातला वकील, न्यायाधीश, पुढे मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि विद्यापीठाचा अध्यक्ष. ‘जॉर्जिया सीन्स’ हे त्याचं पुस्तक 1835 मध्ये आलं. त्यातल्या मारामारीच्या एका गाजलेल्या कथेत रॅन्सी स्निफल नावाचा, माती खाऊन अंगाचा पार चोथा झालेला एक माणूस आहे. दोन पहिलवान एकमेकांना भिडावेत म्हणून तो जिवाचं रान करतो. पात्र अस्सल आहे, त्याचं बोलणंही अस्सल आहे. पण ही गोष्ट सांगणारा गृहस्थ स्वच्छ, घोटीव इंग्रजीत बोलतो आणि शेवटी धर्म, शाळा आणि सुधारणा यांचे आभार मानतो, कारण त्यांच्यामुळे असले रानटी प्रकार आता क्वचितच दिसतात. वाचकाने रॅन्सीला हसावं, पण त्याच्या शेजारी बसू नये, अशीच ही रचना आहे. असं अंतर राखून लिहिलेल्या विनोदाचं पुढे काय होतं, ते शंभर वर्षांनी दिसलं. जॉर्जियातल्या उपाशी कुळांची हालत जगासमोर यावी म्हणून अर्स्किन कॉल्डवेलने 1932 मध्ये ‘टोबॅको रोड’ लिहिली. तिच्यावरून झालेल्या नाटकाचे न्यूयॉर्कमध्ये तीन हजारांवर प्रयोग झाले आणि तिथला प्रेक्षक त्या दारिद्र्याला पोट धरून हसला. कॉल्डवेलचा हेतू खोटा नव्हता. त्याच्या माणसांना स्वतःबद्दल बोलायची जागा मात्र त्याने ठेवली नव्हती.

मार्क ट्वेनने हकलबेरी फिन या अडाणी पोराच्या तोंडी अख्खी कादंबरी दिली, तेव्हा हा पाहुणा पहिल्यांदा ठामपणे बाहेर गेला. पण लहान गाव, घरगुती भांडण आणि बाईमाणसाचा आवाज यांचा खरा मेळ मिसिसिपीतल्या यूडोरा वेल्टीने घातला. सरकारी प्रसिद्धी खात्याच्या नोकरीत ती राज्यभर फिरली, फोटो काढत राहिली. 1941 मध्ये छापलेल्या तिच्या एका कथेत चायना ग्रोव्ह नावाच्या खेड्यातली पोस्टमास्तरीण आपण घर सोडून पोस्टात राहायला का आलो ते सांगते. नवऱ्याला सोडून, दोन वर्षांची मुलगी घेऊन धाकटी बहीण माहेरी परतते. मुलगी दत्तक आहे, असं तिचं म्हणणं. मग ती एकेकाचे कान भरते. आजोबांना सांगते, ‘ताई म्हणाली, तुम्ही दाढी का नाही कापत?’ बायकी किमोनो घालून हिंडणाऱ्या मामाला सांगते की ताई तुला हसते. मामा पहाटे ताईच्या खोलीत फटाक्यांचं अख्खं पाकीट फोडतो. तेव्हा ताई घर सोडते. जाताना विजेच्या पंख्याची पिन उपसते, आजोबांच्या पाठीमागची उशी ओढून घेते, रेडिओ घेते, शिवणयंत्राची मोटर घेते, आपण घातलेले मुरांबे घेते आणि भिंतीवरचा थर्मामीटरसुद्धा सोडत नाही.

ही कथा बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण तिच्यात लेखिका एकदाही मध्ये बोलत नाही. बोली दाखवायला तिने स्पेलिंगची मोडतोड केलेली नाही. शब्द साधे, छापील वळणाचे आहेत. विनोद आहे तो वाक्यांच्या चालीत, एका तक्रारीतून दुसरी तक्रार काढत जाण्यात. आपण किती समजूतदार, हे ताई पुनःपुन्हा सांगते आणि त्याच श्वासात घरातून उचललेल्या वस्तूंची यादी देते. बहिणीचा नवरा आधी आपल्याबरोबर फिरत होता, हेही ती बोलून जाते, आणि साऱ्या भांडणाचं मूळ वाचकाच्या हाती लागतं. शिवाय ती घर सोडते ते जाते कुठे, तर त्याच गावातल्या पोस्टात. घरचे टपालावरच बहिष्कार घालतात. लहान गावात भांडता येतं, पण एकमेकांच्या नजरेआड होता येत नाही, हे इथे कुणीही न सांगता कळतं. ज्येष्ठ कथालेखिका कॅथरीन ॲन पोर्टर हिने वेल्टीच्या पहिल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत या ताईला चक्क मनोरुग्ण ठरवलं. वेल्टीला ते कधीच पटलं नाही. आडगावात राहणाऱ्यांना करमणूक स्वतःच तयार करावी लागते, म्हणून ती माणसं घडलेल्या प्रत्येक गोष्टीचं नाट्य करून सांगतात, असं तिचं म्हणणं होतं. मिरासदारांच्या आणि शंकर पाटलांच्या कथाकथनाला गर्दी करणाऱ्या मराठी श्रोत्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

1980 च्या दशकात लोकप्रिय झालेल्या कादंबऱ्यांनी हीच वाट धरली. ऑलिव्ह ॲन बर्न्सच्या ‘कोल्ड सॅसी ट्री’ (1984) मध्ये बायकोला जाऊन तीनच आठवडे झालेला आजोबा टोप्या बनवणाऱ्या तरुण बाईशी लग्न करतो आणि गावात उठलेला गदारोळ आपल्याला चौदा वर्षांचा नातू सांगतो. क्लाइड एजर्टनच्या ‘रेनी’ (1985) मध्ये कर्मठ बॅप्टिस्ट घरातली नवी सून बोलते. नवऱ्याच्या कृष्णवर्णीय मित्राबद्दलचा आपला आकस ती इतक्या निरागसपणे सांगते, की लेखकाला तिचा निषेध करावाच लागत नाही.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो. ज्या गावांत गुलामी होती, झुंडीने माणसं मारली गेली, 1960 च्या दशकापर्यंत नळाचं पाणीसुद्धा वर्ण पाहून मिळत होतं, त्यांच्यावर गोड विनोद करणं म्हणजे रक्तावर रांगोळी काढणं नव्हे काय? पुष्कळ पुस्तकांना हा आक्षेप जसाच्या तसा लागू पडतो. फॅनी फ्लॅगची ‘फ्राइड ग्रीन टोमॅटोज ॲट द व्हिसल स्टॉप कॅफे’ (1987) कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेला गोष्टीत आणते, पण तिथली कृष्णवर्णीय माणसं बहुतेक वेळा गोऱ्या नायिकांच्या पाठीशी उभी राहण्यापुरतीच येतात. हे तिचं उणेपणच आहे. पण हा दोष पद्धतीचा आहे असं मला वाटत नाही. नागरी हक्क चळवळीतले मेडगर एव्हर्स यांचा जून 1963 मध्ये वेल्टीच्याच जॅक्सन शहरात खून झाला. मारेकरी पकडला जाण्याआधीच तिने त्याच्या तोंडून बोलणारी कथा लिहिली. त्यात हसू नाही, पण हत्यार तेच आहे: त्याला बोलू द्यायचं आणि त्याच्याच शब्दांत त्याला उघडं पाडायचं.

दुसरा आक्षेप आतून आला, म्हणून अधिक झोंबणारा आहे. झोरा नील हर्स्टन फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या 1887 मध्ये स्थापन झालेल्या, कृष्णवर्णीयांनीच चालवलेल्या गावात वाढली. दुकानाच्या ओसरीवर रंगणाऱ्या थापा आणि शिवराळ जुगलबंद्या तिने ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ (1937) या कादंबरीत आणल्या. गोऱ्यांना हसवणाऱ्या तमाशेवाल्यांची रीतच ही बाई पुढे चालवते, अशी टीका मिसिसिपीत जन्मलेल्या रिचर्ड राइट या कृष्णवर्णीय लेखकानेच केली. तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांचा इतिहास पाहता त्याची भीती पोकळ नव्हती. तरी त्याने पुस्तक अर्धंच वाचलं, असं मला म्हणावंसं वाटतं. मॅट बॉनरच्या हडकुळ्या खेचरावरून ओसरीवर जी धमाल चालते, तिच्यात नायिका जेनीने तोंड घालायचं नाही, अशी तिच्या नवऱ्याची सक्त ताकीद असते. पुढे एक दिवस भर दुकानात, चारचौघांसमोर ती त्याला असं उत्तर देते की त्याचा गावातला रुबाब कायमचा उतरतो. बोलण्याचा हक्क ही सत्ता असते आणि ती गावातही सर्वांना सारखी मिळत नाही, हे हर्स्टनला पुरतं ठाऊक होतं. स्वतःची कहाणीही जेनी सांगते ती आपल्या मैत्रिणीला, कुणा गोऱ्या श्रोत्याला नव्हे. हर्स्टन 1960 मध्ये गरिबीत वारली. तिच्या थडग्यावर दगड बसवला तो लेखिका ॲलिस वॉकरने, 1973 मध्ये.

हे साहित्य लोकप्रिय, म्हणजे हलकं, ही समजूत आपल्याकडेही घट्ट आहे. ती बाजूला ठेवून परक्या गावाचा विनोद वाचायला हाती घ्याल, तेव्हा गोष्ट कोण सांगतंय आणि कुणाला सांगतंय, एवढं आधी पाहा. सुरुवात वेल्टीच्या पोस्टमास्तरणीपासून करा, आणि ती कथा मोठ्याने वाचा. त्यानंतर हर्स्टनची कादंबरी वाचा, निदान खेचराचं प्रकरण तरी.