विश्लेषण : प्रगतिपत्रकात आता मुलाचीही नोंद, तिचा उपयोग होणार कसा?

प्रगतिपुस्तक घरी येते, पालक सही करतात, ते शाळेत परत जाते. या सगळ्या व्यवहारात ज्याच्याविषयी ते लिहिलेले असते, त्या मुलाला मात्र बोलायला जागा नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सुचविलेल्या ‘समग्र प्रगतिपत्रका’त ती जागा ठेवली आहे. ती खरोखर मुलाची राहील का, हा आता मुख्य प्रश्न आहे.

समग्र प्रगतिपत्रक म्हणजे काय?

शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबरच विद्यार्थ्याने स्वतः केलेले आणि वर्गमित्रांनी केलेले मूल्यमापनही प्रगतिपत्रकात असावे, असे धोरण सांगते. शाळा आणि घर यांच्यातील दुवा म्हणूनही त्याकडे पाहिले आहे. ‘एनसीईआरटी’अंतर्गत २०२३ मध्ये स्थापन झालेल्या ‘परख’ या केंद्राने वेगवेगळ्या टप्प्यांसाठी त्याचे नमुने तयार केले आहेत.

यापूर्वी असे प्रयत्न झाले नव्हते का?

झाले होते. शिक्षण हक्क कायदा २००९ मधील कलम २९ ने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा आग्रह धरला. त्यानुसार महाराष्ट्रात आकारिक आणि संकलित मूल्यमापन आले. शिकत असतानाच मूल कुठे अडते ते कळावे आणि लगेच मदत व्हावी, हा आकारिक मूल्यमापनाचा हेतू. अनेक ठिकाणी मात्र नोंदवह्या भरणे हेच काम होऊन बसले. नोंद शिक्षकाने ठेवली, ती अधिकाऱ्याने तपासली. मुलापर्यंत ती पोहोचलीच नाही.

संशोधन काय सांगते?

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये या विषयावरील अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. शिकतानाच मिळणारा नेमका अभिप्राय आणि स्वयंमूल्यमापन यांचा शिकण्याला, विशेषतः मागे पडलेल्या मुलांना, लाभ होतो, असे त्यांनी मांडले. रूथ बटलर यांचा १९८८ मधील इस्रायली विद्यार्थ्यांवरील अभ्यासही बोलका आहे. काहींना फक्त गुण, काहींना फक्त शेरा, तर काहींना दोन्ही दिले गेले. पुढच्या कामात सरस ठरली ती फक्त शेरा मिळालेली मुले. शेऱ्यासोबत गुण दिले की शेऱ्याचा फायदा उरला नाही.

वर्गात हे कसे करता येते?

चौथीतल्या मुलाने ४०२ मधून १७५ वजा करून ३७३ उत्तर काढले, असे समजा. वहीवर लाल फुली पडली, तर त्याला एवढेच कळते की ‘माझे गणित कच्चे आहे’. पण त्यालाच पडताळा करायला सांगितला, तर ३७३ आणि १७५ यांची बेरीज ५४८ येते आणि चूक त्याची त्यालाच सापडते. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, हातचा घेतलाच नाही, हे त्याच्या लक्षात येते. मग वहीत नोंद होते : ‘या आठवड्यात हातच्याची पाच उदाहरणे, प्रत्येकाचा पडताळा.’ शुक्रवारी तो स्वतःच पाहतो, जमले की नाही. ठरवा, करा, तपासा, सुधारा हे एडवर्ड्स डेमिंग यांच्या नावाने ओळखले जाणारे चक्र कारखान्यांतून आले; वहीच्या एका पानावरही ते चालते.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण वेळेची. दोन शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात, अशा शाळेत रोज प्रत्येक मुलाशी बोलणे शक्य नसते. म्हणून एका वेळी एकच विषय, एकच कौशल्य घेणे व्यवहार्य. दुसरी अडचण भीतीची. चूक कबूल केली की ओरडा बसतो, हे ठाऊक असलेले मूल सगळीकडे ‘जमते’ अशीच खूण करते. तिसरी अडचण वर्गमित्रांच्या मूल्यमापनाची. ‘काय आवडले आणि काय बदलता येईल’ एवढ्यापुरते ते ठेवले नाही, तर त्याची चेष्टा व्हायला वेळ लागत नाही. शिवाय सत्राच्या शेवटी शिक्षकांनीच मुलांचे रकाने भरले, तर नोंदवहीचाच इतिहास पुन्हा घडेल.

आत्ताच हे महत्त्वाचे का?

राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली. पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेले मूल त्याच वर्गात राहते. हातचा येत नाही हे जुलैमध्ये कळले, तर हाती अख्खे वर्ष असते. परीक्षेच्या निकालात कळले, तर पुनर्परीक्षेपुरते दिवस.

पालकांनी काय करावे?

‘किती मिळाले?’ याआधी ‘मागच्या वेळी काय अडले होते, आता जमते का?’ हे विचारावे. मुलाला याचे नेमके उत्तर देता आले, तर त्याचा रकाना त्यानेच भरला आहे असे समजावे.