नाव तेच, खलनायक नवा : 'हॅलोविन ३'बद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला त्याच वर्षी, २२ ऑक्टोबर १९८२ रोजी, अमेरिकेत 'हॅलोविन ३ : सीझन ऑफ द विच' हा भयपट प्रदर्शित झाला. आधीचे दोन भाग गाजले होते ते मायकेल मायर्समुळे. पांढरा मुखवटा घातलेला, हातात सुरा घेतलेला आणि एक शब्दही न बोलणारा हा खुनी प्रेक्षकांच्या मनात घट्ट बसला होता. तिसऱ्या भागाच्या गोष्टीत तो नव्हताच. लोक चिडले, समीक्षकांनी झोडपले आणि पुढे वर्षानुवर्षे हा चित्रपट 'फसलेला भाग' म्हणूनच ओळखला गेला.

त्याच्याबद्दल आज जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे चुकीचे आहे. त्याच गैरसमजांच्या आधाराने आपल्याकडचे निर्मातेही 'लोकांना ओळखीचेच भूत लागते' असे धरून चालतात, म्हणून एकेक गैरसमज तपासायला हवा. माझे मत आधीच सांगतो. चित्रपटाची गोष्ट कमी पडली नाही. त्याच्या नावाने लोकांना एक वचन दिले आणि चित्रपटाने दुसरेच पाळले, घोटाळा तिथे झाला. रात्र रात्र जागून नाटके पाहणाऱ्या झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला हा फरक चटकन कळेल.

गैरसमज १ : हा मुळात वेगळाच चित्रपट होता, धंद्यासाठी त्याला 'हॅलोविन'चे नाव चिकटवले.

वस्तुस्थिती : खलनायक बदलणे ही मूळ कर्त्यांचीच अट होती. १९७८ चा पहिला 'हॅलोविन' जॉन कार्पेंटर यांनी दिग्दर्शित केला आणि डेब्रा हिल यांच्यासोबत लिहिला. सुमारे सव्वातीन लाख डॉलरमध्ये बनलेल्या त्या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत ४ कोटी ७० लाख डॉलरची तिकीटविक्री केली. १९८१ च्या दुसऱ्या भागाच्या शेवटी मायकेल आणि त्याचा पाठलाग करणारे डॉक्टर लूमिस, दोघेही आगीत सापडतात. कार्पेंटर आणि हिल यांच्या दृष्टीने मायकेलची गोष्ट तिथे संपली होती. तिसऱ्या भागाची विचारणा झाली तेव्हा त्यांनी होकार दिला तो मायकेलला परत न आणण्याच्या बोलीवर. हॅलोविनच्या रात्रीभोवती गुंफलेली नवी, स्वतंत्र गोष्ट दर वेळी याच नावाखाली सांगायची, अशी त्यांची कल्पना होती.

गैरसमज २ : तिसरा भाग कार्पेंटर यांनी दिग्दर्शित केला आणि तो त्यांच्या हातून बिघडला.

वस्तुस्थिती : दिग्दर्शक होते टॉमी ली वॉलेस. पहिल्या भागाचे कलादिग्दर्शन आणि संकलन त्यांनी केले होते. बाजारात मिळणारा, टीव्ही मालिकेतल्या कॅप्टन कर्क या पात्राचा मुखवटा आणून, त्याची डोळ्यांची भोके मोठी करून आणि त्यावर पांढरा रंग मारून मायकेलचा प्रसिद्ध चेहरा घडवणारेही तेच. ज्याने तो चेहरा तयार केला, त्यानेच तो बाजूला ठेवून नवी गोष्ट सांगितली. कार्पेंटर यांच्याकडे निर्मितीतला वाटा होता, आणि ॲलन हॉवर्थ यांच्यासोबत त्यांनी संगीत दिले. पटकथेचा पहिला मसुदा ब्रिटिश लेखक नायजेल नील यांचा होता. चित्रपटात रक्तपात वाढवला गेला तेव्हा त्यांनी स्वतःचे नाव काढून घेतले, म्हणून श्रेयनामावलीत लेखक म्हणून एकट्या वॉलेस यांचे नाव दिसते.

गैरसमज ३ : मायकेल मायर्सचा या चित्रपटात मागमूसही नाही.

वस्तुस्थिती : तो आहे, पण टीव्हीच्या पडद्यावर. एका बारमधल्या टीव्हीवर पहिल्या 'हॅलोविन'ची जाहिरात लागते. म्हणजे तिसऱ्या भागातल्या माणसांसाठी मायकेल हे सिनेमातले पात्र आहे. त्यांच्या गावावर आलेले संकट वेगळे आहे. दिग्दर्शकाने प्रेक्षकाला दिलेली ही स्पष्ट सूचना होती. जुन्या मंडळींशी असलेले धागेही तुटलेले नाहीत. दुसऱ्या भागात मायकेल झालेले डिक वॉरलॉक इथे एका यंत्रमानव मारेकऱ्याच्या भूमिकेत आहेत. पहिल्या दोन भागांची नायिका जेमी ली कर्टिस हिचा आवाज इथे ऐकू येतो, पण श्रेयनामावलीत तिचे नाव नाही.

गैरसमज ४ : मायकेल नाही, म्हणजे चित्रपटात भीतीच नाही.

वस्तुस्थिती : भीती आहे, आणि ती घराच्या जास्त जवळची आहे. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला असतो. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा मागतात, तशी तिथली मुले मुखवटे चढवून दारोदार खाऊ मागतात. सांता मिरा या काल्पनिक गावात सिल्व्हर शॅमरॉक नावाचा मुखवट्यांचा कारखाना आहे. कॉनल कॉक्रन हा त्याचा मालक. भोपळा, कवटी आणि चेटकीण असे तीन मुखवटे देशभर विकले जातात आणि टीव्हीवर त्यांची जाहिरात सतत वाजत राहते. हॅलोविनच्या रात्री सगळ्या मुलांनी मुखवटा घालून टीव्हीसमोर बसावे, असे ती जाहिरात सांगते. प्रत्येक मुखवट्यात इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळातल्या दगडाचा कण बसवलेला आहे, आणि जाहिरातीचा इशारा मिळताच तो मुखवटा मुलाचा जीव घेणार आहे.

मायकेल सुरा घेऊन येतो, म्हणून दार बंद करता येते. कॉक्रनचा माल मात्र आईबापांनीच हौसेने विकत घेऊन मुलाच्या डोक्यावर चढवलेला असतो. त्या वर्षी अमेरिकेत ही भीती नुसती पडद्यावरची नव्हती. चित्रपट लागण्याच्या काही आठवडे आधी शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक गोळ्यांमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळले आणि सात जणांचा मृत्यू झाला. त्या हॅलोविनला मुलांनी दारोदारचा खाऊ घ्यावा का, याचीही अनेक गावांनी धास्ती घेतली. दुकानातून आणलेल्या वस्तूवर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न तेव्हा घराघरात होता आणि चित्रपटानेही नेमका तोच विचारला.

गैरसमज ५ : चित्रपट आपटला, निर्मात्यांचे पैसे बुडाले.

वस्तुस्थिती : सुमारे २५ लाख डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाची अमेरिकेतली तिकीटविक्री साधारण १ कोटी ४४ लाख डॉलर झाली. दुसऱ्या भागाच्या २ कोटी ५५ लाखांपुढे हा आकडा कमी आहे, निराशा करणाराही आहे. पण याला दिवाळे म्हणता येत नाही.

पुढचे आकडे तर नेहमीच्या समजुतीच्या उलट जातात. १९८८ च्या चौथ्या भागात मायकेलला परत आणले आणि त्याच्या परतण्याची घोषणा थेट चित्रपटाच्या नावातच केली. त्याची तिकीटविक्री सुमारे १ कोटी ७८ लाख झाली, म्हणजे तिसऱ्या भागापेक्षा फार जास्त नाही. १९८९ च्या पाचव्या भागातही मायकेल होता, तरी आकडा १ कोटी १६ लाखांवर घसरला. तो मायकेल नसलेल्या तिसऱ्या भागापेक्षाही कमी आहे. ओळखीचा खलनायक म्हणजे हमखास गल्ला, हे गणित या मालिकेतच चुकते.

गैरसमज ६ : भयपटांच्या मालिकेत खलनायक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असतो.

वस्तुस्थिती : 'फ्रायडे द थर्टीन्थ'चे नाव घेताच हॉकीचा मुखवटा घातलेला जेसन आठवतो. पण १९८० च्या पहिल्या भागात खून करते ती त्याची आई. जेसन मारेकरी होतो १९८१ च्या दुसऱ्या भागात, आणि तो मुखवटा त्याच्या तोंडावर चढतो थेट तिसऱ्या भागात, १९८२ साली. आज ज्याला त्या मालिकेचा चेहरा म्हणतात, तो खलनायक बदलल्यामुळेच मिळाला.

हिंदीत 'राज़' आठवून पाहा. २००२ च्या पहिल्या चित्रपटातले भूत २००९ च्या 'राज़ : द मिस्टरी कंटिन्यूज'मध्ये नाही, पात्रेही नवी आणि गावही नवे. तिथल्या झपाटण्यामागे कारखान्यातून बाहेर पडणारे विष असल्याचे उलगडत जाते. त्याच २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरचा समावेश देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत केला. औष्णिक वीज, कोळसा आणि सिमेंट यांच्या सावलीत राहणाऱ्या वाचकाला कारखान्यातून येणारी भीती समजावून सांगावी लागत नाही. एकटा खुनी गोष्टीतून बाहेर पडला की अशा मोठ्या भीतीसाठी जागा मोकळी होते. सांता मिरातही तेच घडते.

गैरसमज ७ : 'स्त्री २'नेही खलनायक बदलला आणि तो चालला, मग 'हॅलोविन ३' का चालला नाही?

वस्तुस्थिती : दोघांत मोठा फरक आहे. २०१८ च्या 'स्त्री'मध्ये चंदेरी गावातले पुरुष उचलून नेणारी ती, १५ ऑगस्ट २०२४ ला आलेल्या दुसऱ्या भागात खलनायिका उरत नाही. तिची जागा बिनशिराचा 'सरकटा' घेतो आणि तो गावातल्या मुली पळवतो. पण दिग्दर्शक अमर कौशिकच आहेत, गाव चंदेरीच आहे, नायक विकी आणि त्याचे मित्रही तेच आहेत. जुन्या स्त्रीचे पुढे काय झाले, याचे उत्तरही गोष्ट देते. भूत बदलले, पण प्रेक्षकाचा हात सोडला नाही. देशात जवळपास ६०० कोटी रुपयांची निव्वळ कमाई त्या चित्रपटाने केली.

मराठीत दुसरी वाट निवडली गेली. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या 'झपाटलेला'नंतर वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, 'झपाटलेला २' आला तेव्हा त्यात तात्या विंचूच होता आणि प्रेक्षक त्याच्याचसाठी गेले. दोन्ही वाटा योग्यच आहेत, कारण दोन्ही चित्रपटांनी नावातून जे सांगितले ते पाळले. 'हॅलोविन ३'मध्ये तो '३' आकडाच आड आला. आकडा 'पुढचा भाग' म्हणत होता आणि चित्रपट 'नवी गोष्ट' म्हणत होता.

गैरसमज ८ : एकाच नावाखाली दर वेळी नवी गोष्ट हा प्रकार सामान्य प्रेक्षकाला, विशेषतः खेड्यातल्या, झेपत नाही.

वस्तुस्थिती : हे म्हणणाऱ्याने एकदा वडशाला यावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्यात दिवाळीनंतर धान घरात आले की झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज-वडसा हे तिचे मुख्य केंद्र. नाट्यकंपन्यांची कार्यालये तिथे आहेत, आणि गावोगावची मंडळे मंडईसाठी, शंकरपटासाठी नाटक ठरवायला तिथेच येतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. कंपनीचे नाव तेच, बरेचसे कलावंतही तेच. पण हंगामात नाटक नवे येते आणि त्यातला खलनायकही नवा असतो. गेल्या वर्षी सावकार झालेला नट यंदा दुसऱ्याच दुष्टाच्या भूमिकेत उभा राहतो, आणि मागच्या सालचा सावकार कुठे गेला असे कोणी विचारत नाही. कंपनीचे नाव म्हणजे रात्र चांगली जाईल याचा भरवसा, हे सगळ्यांना ठाऊक असते.

गुरनोलीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी आयुष्यभरात शेकडो भूमिका केल्या. एका मुखवट्यावर अवलंबून न राहता एखादी रंगभूमी किती मोठी होऊ शकते, याचा हा पुरावा आहे. कार्पेंटर आणि हिल यांना दर ऑक्टोबरला जे करायचे होते, ते झाडीपट्टी दर हंगामात करत आली आहे. टीव्हीवर १९९५ पासून 'आहट'नेही एकाच नावाखाली नवनवी भुते दाखवली आणि घराघरातल्या लोकांनी ती पाहिली. प्रेक्षकाला नवी गोष्ट झेपते. तिची कल्पना त्याला आधी दिलेली असली म्हणजे झाले.

म्हणून मराठी निर्मात्यांना सांगणे आहे की, गाजलेल्या नावाखाली नवे भूत जरूर आणा, पण पोस्टरवर तसे ठळक छापा. आणि वाचकांनी 'हॅलोविन ३' मायकेलची वाट न पाहता, स्वतंत्र चित्रपट म्हणून एकदा पाहावा. येत्या हंगामात गावात नाटक लागले, तर जाहिरातीतले नाव अनोळखी आहे म्हणून घरी बसू नका. तिकीट काढा आणि नव्या खलनायकाला संधी द्या.