हात परत चालू झाला तरी दवाखाना गाठा

चहाचा कप धरलेल्या हातातली ताकद एकाएकी जाते, तोंड वाकडं होतं, जीभ जड पडते किंवा एका डोळ्यापुढं पडदा ओढल्यासारखा अंधार येतो. पंधरा-वीस मिनिटांत सगळं पूर्ववत. घरचे म्हणतात, वारं लागलं होतं, गेलं. मग तेल चोळायचं, कुणाकडून तरी मंतरून आणायचं आणि सकाळी कामावर जायचं. आमचं सांगणं एवढंच, की मोठा लकवा येण्याची भीती यानंतरच्या थोड्या दिवसांत सर्वात जास्त असते.

मेंदूकडं रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या मानेच्या दोन्ही बाजूंनी जातात. बिडी-तंबाखू, वाढलेला रक्तदाब, साखर आणि वय यांमुळे त्यांच्यात चरबीचा थर धरतो, बोअरच्या पाइपात क्षार धरतो तसा. त्यावरची गुठळी सुटून मेंदूत अडकते. छोटी असली तर विरघळते, आणि हात पुन्हा हलतो. थर मात्र तिथंच राहतो.

हे मानेच्या डॉपलर सोनोग्राफीत दिसतं. सुईसुद्धा टोचत नाहीत. झटका ज्या बाजूमुळे आला त्या बाजूची धमनी 70 टक्क्यांहून जास्त अरुंद असेल, तर ती उघडून थर काढून टाकतात. 1991 साली उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात अशा 100 रुग्णांपैकी नुसत्या औषधांवर असलेल्या 26 जणांना दोन वर्षांत त्या बाजूचा लकवा आला, ऑपरेशन केलेल्यांत 9 जणांना. ऑपरेशनमध्येही लकव्याचा धोका असतो, तो डॉक्टरांना स्पष्ट विचारावा. धमनी पूर्ण बंद झाली असेल किंवा निम्म्याहून कमी अरुंद असेल, तर चिरफाड नको, औषधंच. आपल्या देशात कवटीच्या आतल्या धमन्याही बऱ्याचदा अरुंद होतात, तिथं हे ऑपरेशन चालत नाही.

पुरेपूर फायदा हवा तर पहिल्या दोन आठवड्यांत ऑपरेशन व्हावं लागतं. राणीसावरगावहून गंगाखेड, मग परभणी किंवा नांदेड, पुढं रक्तवाहिन्यांचा सर्जन असलेलं मोठं शहर. एवढ्यात दिवस जातात. म्हणून त्याच दिवशी निघा. रेशनकार्ड, आधार सोबत घ्या, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हा खर्च बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. स्कॅनआधी मेडिकलमधून रक्त पातळ करायची गोळी आणून देऊ नका, मेंदूत रक्तस्रावही असू शकतो.

हात-पाय अजून लुळेच असतील, तर वाट न पाहता 108 ला फोन करा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहून ठेवा.