विद्यापीठाच्या दारी गेलेल्या मुलामुलींसाठी

"फादर, मुलाला विद्यापीठात घातले. आता आमचे काम संपले." एका कष्टाळू बापाने समाधानाने उच्चारलेले हे शब्द आम्ही ऐकले, त्या गोष्टीला वर्ष लोटते न लोटते तोच तो मुलगा वळकटी घेऊन गावी परत आला. मुलगा मंद नव्हता, आळशीही नव्हता. व्याख्याने इंग्रजीतून होत, ती त्यास अर्धीमुर्धीच कळत. विचारावे तर लाज वाटे. शिष्यवृत्तीस तो पात्र होता. परंतु अर्जाची मुदत टळून गेल्यावर त्यास ते समजले. ते विद्यापीठ कोणते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. असे कोठेही घडू शकते. तेथे मदतीची दारे होती, पण ती ठोठावायची असतात हे ना मुलास ठाऊक होते, ना बापास, ना आम्हांस. म्हणून हा लेखप्रपंच.

उदाहरणादाखल आम्ही बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ घेतो. ह्या विद्यापीठास ज्यांचे नाव आहे, ते सयाजीराव गायकवाड १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे ह्या खेड्यात एका शेतकरी घराण्यात जन्मले. १८७५ साली दत्तक जाऊन ते बडोद्यास आले, आणि त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले ते त्यानंतरच. उशिरा शिकलेल्या ह्या राजाने १९०६ साली आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. पुस्तकांच्या पेट्या भरून त्या खेड्यापाड्यांत फिरविण्याची व्यवस्थाही त्याच्याच राज्यात झाली. १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मिळाली, तीही बडोदे सरकारकडूनच.

१८८१ साली सुरू झालेले बडोदा कॉलेज व इतर संस्था एकत्र येऊन १९४९ साली हे विद्यापीठ स्थापन झाले. पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसा मेहता ह्या होत. मुलगे व मुली एकत्र शिकत असलेल्या भारतीय विद्यापीठाच्या कुलगुरुपदी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. आपल्या लेकींना दूर शिकावयास धाडताना कचरणाऱ्या मातापित्यांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

आता अशा ठिकाणी मुलास वर्गाबाहेर काय काय मिळू शकते ते पाहू. प्रथम ग्रंथालय. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयास हंसाबाईंचेच नाव दिलेले आहे. महागडी पाठ्यपुस्तके विकत घेण्याचे सामर्थ्य ज्या घरात नाही, त्या घरच्या मुलाने ग्रंथालयाचे ओळखपत्र पहिल्याच आठवड्यात करून घ्यावे. घरी वा खोलीत जी शांतता नसते, ती तेथे असते.

दुसरी गोष्ट भाषेची. ह्या विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे. मराठी वा गुजराती शाळेतून आलेल्या मुलास पहिले काही महिने जड जाणारच. त्यात कमीपणा मानू नये. वर्ग सुटल्यावर प्राध्यापकांस भेटून शंका विचारणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे, उपकार नव्हे. भाषेचे जादा वर्ग आहेत काय, ह्याचीही कचेरीत चौकशी करावी.

तिसरी गोष्ट पैशाची. वेंकटरामन रामकृष्णन ह्यांनी १९७१ साली ह्याच विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. त्या शिक्षणासाठी त्यांस राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञा शिष्यवृत्ती मिळाली होती. पुढे त्यांनी विषय बदलून जीवशास्त्राची वाट धरली, आणि २००९ साली त्यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, शिष्यवृत्ती मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे. आणि सुरुवातीस निवडलेला विषय म्हणजे जन्माची बेडीही नव्हे. मात्र अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते आणि गुणपत्रिका आधीच तयार हव्यात. दाखल्यासाठी कचेरीत खेपा घालण्यातच मुदत निघून जाते, हा आमचा नेहमीचा अनुभव.

चौथी गोष्ट संकटाची. घरी आजारपण आले, पीक बुडाले, आणि मुलास मध्येच शिक्षण सोडावे लागले, तर पूर्वी सारे वाया जाई. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे रचलेल्या अभ्यासक्रमांत एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोहोंनंतर पदविका, तिहींनंतर पदवी, आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी अशा पायऱ्या ठेविलेल्या आहेत. मिळविलेले श्रेयांक 'अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' ह्या २०२१ साली सुरू झालेल्या व्यवस्थेत सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. परत येण्याचे दार बंद होत नाही. तथापि शिक्षण सोडण्यापूर्वी नियम कचेरीतून नीट समजून घ्यावेत.

पाचवी गोष्ट भयाची. नवागतांचा छळ करणे, ज्यास रॅगिंग म्हणतात, हे २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी सक्त मना आहे. दरवर्षी विद्यार्थी व पालक ह्यांजकडून तसे प्रतिज्ञापत्र घेतले जाते. ते न वाचता सही करू नये. रात्रंदिवस चालणारा मोफत दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-५५२२ हा मुलाने व घरच्यांनीही टिपून ठेवावा. मुलींच्या तक्रारींसाठी प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे मुलीस ठाऊक असावीत.

आईबापांस आमचे एवढेच सांगणे आहे. फी भरली म्हणजे काम संपले, असे मानू नका. मुलगा वा मुलगी सुट्टीत घरी आली म्हणजे केवळ "मार्क किती?" एवढेच विचारू नका. "ग्रंथालयात जातोस का? प्राध्यापक ओळखतात का? जेवण नीट होते का? कशाची भीती वाटते का?" हेही विचारा. तुम्ही स्वतः शाळेची पायरी चढला नसाल, तरी हे प्रश्न विचारण्यास अक्षरओळख लागत नाही.

वर सांगितलेला तो मुलगा पुढच्या जूनमध्ये पुन्हा विद्यापीठात गेला. ह्या खेपेस दाखले आधी गोळा झाले होते, आणि बाप स्वतः त्याच्याबरोबर कचेरीच्या खिडकीपर्यंत गेला होता. विहीर दुसऱ्यांनी खोदून ठेविलेली असते. पोहरा मात्र ज्याचा त्यानेच सोडावा लागतो, आणि पहिल्या खेपेस दोर धरावयास घरचे माणूस जवळ असलेले बरे.