सोनचाफ्याचे कलम : भांडवल थोडे, इमान मोठे

सोनचाफ्याच्या फुलाला मागणी किती असते, हे आमच्या फुलवाल्या बांधवांना सांगायला नको. रोपांनाही उठाव चांगला आहे. मात्र बियांपासून वाढवलेले झाड फुलायला बहुधा ७-८ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ घेते. शिवाय त्याचे फूल मूळ झाडासारखेच निघेल, याची खात्री नसते. कलमी झाड साधारण १-२ वर्षांत फुलू लागते. म्हणून पाचर कलमाची रीत आम्ही येथे देत आहोत.

खुंटासाठी सोनचाफ्याचेच रोप घ्यावे. त्याचे बी लवकर निकामी होते, म्हणून वरचा लाल गर धुऊन ते ताजेच पेरावे. पेन्सिलीएवढे जाड झालेले रोप कलमाला चालते.

काडी भरपूर फुलणाऱ्या झाडाचीच निवडावी. ८-१० दिवस आधी तिची पाने देठ ठेवून छाटावीत, म्हणजे डोळे फुगतात. मग खुंटाएवढ्याच जाडीची १०-१५ सें.मी. काडी कापून तिच्या बुडाला ४-५ सें.मी. लांब पाचर करावी. खुंटाचा शेंडा उडवून मधोमध तेवढीच चीर द्यावी आणि पाचर तीत बसवावी. दोन्हींची साल निदान एका बाजूला तरी जुळलीच पाहिजे, कारण सालीच्या आतल्या थरातूनच जोड भरतो. प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून वर प्लास्टिकची पिशवी घालावी व कलम सावलीत ठेवावे. फुटवा दिसताच पिशवी काढावी. जोडाखाली खुंटाला येणारे कोंब खुडत राहावेत, नाहीतर काडी उपाशी मरते. जोड पक्का झाल्यावर पट्टी सोडावी. राहिली तर खोडाला काचते.

प्रत्येक झाडाला एवढा खटाटोप लागत नाही. पांढऱ्या चाफ्याची फांदी कापून, चीक सुकेपर्यंत काही दिवस ठेवून लावली तरी जगते.

या हुनराला धारदार चाकू, पट्टी, पिशव्या आणि सवयीचा हात एवढेच लागते. धोका आहे तो वेगळाच. बियांचे रोप कलम म्हणून खपवले, तर गिऱ्हाइकाला ते वर्षांनी कळते. तोवर त्याची जागा, पाणी आणि मेहनत वाया गेलेली असते. पैसे परत देता येतील, वर्षे देता येणार नाहीत. तेव्हा विकणाऱ्याने कलम आणि बियांचे रोप वेगळे ठेवून चिठ्ठी लावावी. घेणाऱ्याने खोडावरचा जोड पाहूनच दाम मोजावा. धंद्यात बरकत राहते ती अशाच व्यवहाराने.