लांडगा गेला, मापपट्टी आली

डीअरहाउंडच्या मालकाला चिडवायचं असेल तर फार काही करावं लागत नाही. त्याच्या कुत्र्याकडे कौतुकाने बघत "वा, काय देखणा आयरिश वुल्फहाउंड आहे!" एवढं म्हणावं. माणूस सभ्य असला तर हसतो, पण हातातला पट्टा जरा आवळतो. आमच्या दवाखान्यात हे इतक्यांदा घडतं की काउंटरवरच्या बाई आता कुत्र्याच्या कार्डावर जातीचं नाव ठळक अक्षरांत लिहितात, म्हणजे निदान डॉक्टर तरी चुकायला नकोत.

मी मूळची उदगीरची, तिथल्याच व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेली. पुढे ब्रिटनमधली परवान्याची परीक्षा दिली आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, हायलँड्समध्ये, नोकरीला लागले. रोजचं काम मेंढ्या आणि गाईंचं. या दोन जातींचे कुत्रे अधूनमधूनच येतात, पण आले की खोलीत दुसऱ्या कुणाला उभं राहायला जागा उरत नाही. दोघेही राठ केसांचे, दाढीमिशांचे, लांब तोंडाचे, बहुतेक वेळा राखाडी. फरक काय, असं विचारलं की लोक उंची सांगतात. उंचीचा फरक आहे, पण तो का पडला ही गोष्ट जास्त सांगण्यासारखी आहे.

आधी या कुत्र्यांचं घराणं समजून घेऊ. शिकारी कुत्र्यांत ढोबळ दोन तऱ्हा. काही जमिनीला नाक लावून वासाचा माग काढत जातात. काही लांबून सावज डोळ्यांनी हेरतात आणि वेगाच्या जोरावर ते गाठतात. ग्रेहाउंड, सलुकी, रशियाचा बोर्झोई, आपल्याकडचा कारवानी हे सगळे नजरेवर धावणारे. छाती खोल, पोट आत ओढलेलं, कंबर कमानीसारखी उचललेली, मांड्या भरलेल्या. भरधाव पळताना एका झेपेत त्यांचे चारही पाय दोनदा जमीन सोडतात: एकदा अंग आखडलेलं असताना आणि एकदा पूर्ण ताणलेलं असताना. डीअरहाउंड आणि वुल्फहाउंड हे याच घराण्यातले, फक्त आकाराने थोराड.

आता मापं. ब्रिटनच्या केनेल क्लबच्या मानकाप्रमाणे डीअरहाउंड नराची खांद्यापाशी उंची किमान ७६ सेंटिमीटर असावी, वजन साधारण ४५.५ किलो. वुल्फहाउंड नराची उंची किमान ७९ सेंटिमीटर, वजन किमान ५४.५ किलो. माद्यांची किमान उंची तर दोन्हीकडे सारखीच आहे, ७१ सेंटिमीटर. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण डीअरहाउंडचं वजन त्याच्या आकड्याच्या आसपास राहतं, आणि वुल्फहाउंडचं त्याच्या किमान आकड्यापासून पुढे सुरू होतं. आमच्या काट्यावर सत्तर किलोंच्या पुढचे वुल्फहाउंड नर उभे राहिलेले मी पाहिले आहेत. कुत्रा काट्यावर आणि मालक जमिनीवर, आणि दोघांत कुत्राच जास्त भरला, असंही झालंय.

डीअरहाउंडला घडवलं ते इथल्या रेड डीअर नावाच्या मोठ्या हरणाने. भरलेला नर वजनाने कुत्र्याच्या दुपटीहून जास्त, डोक्यावर फाट्याफाट्यांची शिंगं, आणि पळायचं कुठे तर दगड, दलदल आणि गुडघाभर झुडपांच्या चढणीवर. एक-दोन कुत्र्यांनी त्याला गाठायचं आणि शिकारी येईपर्यंत थोपवायचं. कुत्रा लहान असेल तर हरीण त्याला जुमानणार नाही, आणि फार जड असेल तर तो चढणीवरच दमणार. या दोन अडचणींच्या मधे जो बसला, तोच पुढे पैदाशीसाठी राखला गेला. कुणी मापपट्टी लावायची गरज नव्हती. निकाल डोंगर देत होता.

या जातीवरही संकटं आली. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत हायलँड्सच्या टोळीवाल्या सरदारांचा कणा मोडला आणि असे कुत्रे बाळगणारी घराणी विखुरली. पुढे १८२० च्या दशकात कॉलन्सी बेटावरच्या मॅकनील बंधूंनी उरलेसुरले कुत्रे हुडकून जात सावरली. मग लांब पल्ल्याच्या अचूक रायफली आल्या आणि कुत्र्याला हरणामागे सोडायचं कारण हळूहळू संपलं. आता तर कायद्यानेच कुत्रे सोडून हरीण धरायला मनाई आहे. स्कॉटलंडचा त्याबाबतचा कायदा २००२ चा, आणि २०२३ मध्ये तो आणखी कडक झाला. पण हरीण कुठे गेलेलं नाही. सकाळी वासरं बघायला जाताना माझ्या गाडीसमोरून कळप रस्ता ओलांडतात. डीअरहाउंड पाळणाऱ्याला आपला कुत्रा कशासाठी होता याचा विसर पडूच शकत नाही.

आयर्लंडमधली कथा वेगळी. तिथल्या थोराड शिकारी कुत्र्यांची कीर्ती फार जुनी. चौथ्या शतकाच्या अखेरीस सिमॅकस या रोमन सरदाराने सात आयरिश कुत्रे मिळाल्याबद्दल आभाराचं पत्र लिहिलं आहे. रोमच्या खेळांत लोक ते पाहून थक्क झाले होते. पुढे राजेरजवाड्यांना नजराणा म्हणून हे कुत्रे इतके बाहेर जाऊ लागले की १६५२ मध्ये क्रॉमवेलच्या राजवटीने त्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. कारण साधं होतं: देशात लांडगे माजले होते आणि ते मारायला कुत्रे पुरत नव्हते. लांडगा मारणाऱ्याला रोख इनामही लावलं गेलं. आयर्लंडमधला शेवटचा लांडगा १७८६ च्या सुमारास कार्लो परगण्यात मारला गेला असं मानतात. त्यानंतर या कुत्र्याला कामच उरलं नाही. एवढं खाणारा प्राणी बिनकामाचा कोण पोसणार? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जात इतकी आटली की ती उरली आहे की संपली, यावरच वाद सुरू होता.

तो वाद ज्याने मिटवला तो आयरिश नव्हता, स्कॉटिश होता. कॅप्टन जॉर्ज ऑगस्टस ग्रॅहॅम, मुक्काम इंग्लंडमधलं डर्स्ली. १८६० च्या दशकात त्याने जुन्या आयरिश रक्ताचे म्हणून सांगितले जाणारे थोडे कुत्रे मिळवले. ते पुरेसे नव्हते, म्हणून डीअरहाउंड घेतला, वजनासाठी ग्रेट डेन घेतला, बोर्झोईही वापरला. १८८५ मध्ये आयरिश वुल्फहाउंड क्लब निघाला आणि जातीचं मानक लिहिलं गेलं. ते आजही वाचण्यासारखं आहे. त्याचा मथितार्थ असा: कुत्रा ग्रेट डेनइतका जड नसावा, डीअरहाउंडपेक्षा भरीव असावा, बाकी ठेवण डीअरहाउंडचीच असावी, आणि भव्य आकार हे पैदास करणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवायचं ध्येय. म्हणजे प्रतीक्षा-खोलीत गोंधळणाऱ्या लोकांचं काहीच चुकत नाही. हे साम्य रक्तात आहे आणि लेखीही आहे.

ग्रॅहॅमचे उपकार मी नाकारत नाही. तो नसता तर आज ब्रिटिश लष्करातल्या आयरिश गार्ड्स पलटणीच्या संचलनात पुढे चालणारा वुल्फहाउंड दिसला नसता. ती प्रथा १९०२ पासूनची. पण त्याच्यासमोर एक अडचण होती, आणि ती सुटण्यासारखी नव्हती. लांडगा नाही म्हटल्यावर कुत्रा चांगला की वाईट हे ठरवायचं कशावरून? जे डोळ्यांना दिसतं आणि पट्टीने मोजता येतं त्यावरून. उंची दिसते. वजन मोजता येतं. हृदय आतून किती दमदार आहे हे प्रदर्शनाच्या रिंगणात कळत नाही.

ते माझ्या टेबलावर कळतं. वुल्फहाउंडचं सरासरी आयुष्य सात वर्षांच्या आसपास, डीअरहाउंडचं साडेआठ-नऊ. दोन्ही आकडे मन खट्टू करणारे, पण त्यांतलं अंतरही लहान नाही. वुल्फहाउंडमध्ये हृदयाचे स्नायू दुबळे होऊन हृदय फुगत जाण्याचा आजार बराच दिसतो. त्याआधी अनेकदा ठोक्यांची लय बिघडते, म्हणून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याचाही दरवर्षी ईसीजी काढायला मी सांगते. पायाच्या हाडाचा कॅन्सर दोन्ही जातींत आहे. पोट फुगून त्याला पीळ पडणं हे तर खोल छातीच्या सगळ्याच कुत्र्यांचं दुखणं, आणि त्यात तासांचाही अवधी नसतो. यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनीही दोघांत सापडते, म्हणून जबाबदार पैदासकार पिल्लू विकण्याआधी त्याची रक्ततपासणी करून घेतात.

डीअरहाउंडचं स्वतःचं एक लक्षण आहे. ऑपरेशन नीट होतं, टाके कोरडे असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक रक्तस्राव सुरू होतो. हा दोष आनुवंशिक आहे असं आता कळलंय, म्हणून मी या जातीला ऑपरेशनच्या आधीपासूनच रक्ताची गुठळी टिकवणारं औषध देते. शिवाय या घराण्याच्या अंगावर चरबी कमी असते आणि यकृत काही औषधं सावकाश पचवतं, त्यामुळे भुलीचं औषध निवडताना आणि मोजताना घाई चालत नाही. जुन्या काळचं थायोपेंटोन दिलं की हे कुत्रे तासन्‌तास उठत नसत.

घरात दोघेही गरीब. मोठ्याने भुंकणं नाही, आदळआपट नाही. राखणदार म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. वुल्फहाउंड जरा जास्त माणसाळलेला, अंगावर रेलून उभा राहणारा. डीअरहाउंड अबोल, दिवसभर सोफ्यावर पसरलेला, पण डोंगरउतारावर काही हललं की हाकेला न जुमानता निघून जाणारा. वुल्फहाउंडचं पिल्लू वाढवताना लोक हमखास जास्त खाऊ घालतात, वर कॅल्शियमच्या गोळ्या देतात. पाऊण किलोचं जन्मलेलं पिल्लू वर्षभरात पन्नास किलोंच्या घरात जातं. त्या वेगाला आणखी रेटा दिला की हाडं आणि सांधे वाकडे होतात. तिथे हात आखडताच बरा.

दोघांना ओळखायचं तर कमरेवर हात ठेवा. डीअरहाउंडची कंबर मुठीत धरता येईल अशी आत जाते, कवटी अरुंद, अंगावरचे केस तीन-चार इंच आणि विस्कटलेले, रंग शक्यतो गडद निळसर राखाडी. वुल्फहाउंडची मान जाड, हाड रुंद, पंजे मोठे. रंगात त्याला गव्हाळ, तांबूस, काळा, अगदी पांढराही चालतो.

पुण्या-मुंबईहून ओळखीचे लोक फोन करतात: "यातला एखादा इकडे मागवता येईल का?" मी नाही म्हणते. हा केसांचा अंगरखा आणि एवढं हृदय घेऊन वैशाखात आपल्याकडे राहायचं म्हणजे त्या जिवाला शिक्षा. नजरेवर धावणारा कुत्राच हवा असेल तर आपल्या मुलखात कारवानी आहे. लातूर, सोलापूर भागातल्या माळरानांवर सशामागे पळत तो घडला, अंगावर आखूड केस, उन्हाचा सराव, खाणं बेताचं.

मात्र त्याच्याबाबतीतही मला एक भीती वाटते. सशाची शिकार कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच आहे. म्हणजे कारवानीचं सावजही आता गेलं. जत्रांत, प्रदर्शनांत तो उभा राहू लागला आहे आणि त्याची पिल्लं विकणारे आधी उंचीचे इंच सांगतात. मी सुट्टीत घरी गेले की अशा विक्रेत्यांना विचारते, याची आजी किती वर्षं जगली? अजून फार थोड्यांनी उत्तर दिलंय. कारवानी घ्यायला जाल तेव्हा हा प्रश्न तुम्हीही विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर पिल्लू कितीही उंच असो, तसेच परत या.