‘आयुष्मती’ : शब्दाचा अर्थ आणि उगम

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणीपासून उमरखेडपर्यंत कोठेही बौद्धांच्या मंगल परिणयाची पत्रिका हाती घ्या. वराच्या नावाआधी ‘आयुष्मान’ आणि वधूच्या नावाआधी ‘आयुष्मती’ हे शब्द बहुधा आढळतात. परंतु ‘आयुष्मती’ म्हणजे काय, असे विचारले तर “सौभाग्यवतीऐवजी आपण वापरतो तो शब्द” एवढेच उत्तर पुष्कळदा मिळते. हे उत्तर अपुरे आहे आणि त्यातून एक चूकही घडते.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘आयुस्’ म्हणजे आयुष्य. त्याला ‘असलेला’ या अर्थाचा ‘मत्’ प्रत्यय लागून ‘आयुष्मत्’ शब्द झाला. त्याचे पुल्लिंगी रूप ‘आयुष्मान’ व स्त्रीलिंगी रूप ‘आयुष्मती’. श्रीमान–श्रीमती, बुद्धिमान–बुद्धिमती ही याच घडणीची जोडपी होत. म्हणून ‘आयुष्यमान’ किंवा ‘आयुष्मानिनी’ ही रूपे शुद्ध नव्हेत. विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पाली भाषेत याच शब्दाचे रूप ‘आयस्मा’ असे आहे. आयस्मा आनंद, आयस्मा सारिपुत्त असे उल्लेख सुत्तांत जागोजागी येतात. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी आनंदाला अखेरच्या काळात सांगितले की, यापुढे ज्येष्ठ भिक्खूंनी कनिष्ठांना नावाने, गोत्राने किंवा ‘आवुसो’ म्हणून हाक मारावी आणि कनिष्ठांनी ज्येष्ठांना ‘भन्ते’ किंवा ‘आयस्मा’ म्हणावे. म्हणजे हा शब्द केवळ लहानांना द्यावयाचा आशीर्वाद नसून मोठ्यांना द्यावयाचा मान आहे. भिक्खुणींना मात्र त्या काळी ‘अय्ये’, म्हणजे ‘आर्ये’, असे संबोधीत. आज आपण स्त्रीला जो ‘आयुष्मती’ शब्द लावतो तो संस्कृत रूपातला आहे. त्यामागचा आदराचा भाव मात्र धम्म परंपरेतला आहे.

आता चुकीकडे वळू. ‘कुमारी’, ‘सौभाग्यवती’, ‘गंगा भागीरथी’ हे शब्द स्त्रीविषयी एकच माहिती देतात : तिचे लग्न झाले आहे काय आणि तिचा पती हयात आहे काय. पुरुषाच्या नावाआधीच्या ‘श्री’वरून असे काहीच कळत नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याबाबत चर्चेची सूचना केली, तेव्हा मोठी टीका झाली. शब्द बदलला तरी स्त्रीवरचा शिक्का तोच राहणार होता.

‘आयुष्मती’त असा शिक्का नाही. त्यात पतीचा उल्लेखच नाही. आयुष्य तिचे स्वतःचे आहे. तरीही पती वारल्यावर काही ठिकाणी त्या भगिनीच्या नावाआधीचे ‘आयुष्मती’ काढून ‘श्रीमती’ छापले जाते. पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेत किंवा देणगीदारांच्या यादीत असे घडले म्हणजे आपण ‘आयुष्मती’चे पुन्हा ‘सौभाग्यवती’ करून टाकतो. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनंतर कित्येक भगिनी एकट्याने शेती आणि संसार सांभाळत आहेत, तेथे तर ही चूक अधिकच बोचते. पती गेला म्हणून तिचे आयुष्य गेले काय?

२० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली होती. समाजाची प्रगती आपण त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे प.पू. डॉ. बाबासाहेबांनी तेथे सांगितले. पत्रिकेवरचा शब्द ही त्या मोजमापातील लहान, पण रोज डोळ्यांपुढे येणारी खूण आहे.

म्हणून प्रत्येक सभासदाने व विद्यार्थ्याने एवढे करावे. पत्रिका, पावती, अहवाल लिहिताना शाळेत जाणारी मुलगी असो, विवाहित भगिनी असो, पती गमावलेली माता असो की नव्वदीची आजी, सर्वांच्या नावाआधी सारखेच ‘आयुष्मती’ लिहावे. छापखान्यात मजकूर देण्यापूर्वी तो एकदा तपासावा. धम्माने दिलेला मान पतीच्या निधनाने कमी होत नाही, हे आपल्या लिहिण्यातूनही दिसले पाहिजे.

सविनय जयभीम!